चार सेकंदांचा शिपाई

तिसऱ्या भागाच्या आधी कंपनीनं नकाशा पाठवला:
मधोमध 'धूम्रकेसर', गोल, सोनेरी,
आणि त्याला फुटलेले फाटे,
कॉमिक, कार्टून, मोबाइल गेम, कानात ऐकायची मालिका,
शाळेचं दप्तर, पाण्याची बाटली.
कॉमिकच्या फाट्याला, अगदी टोकाशी,
बारीक अक्षरात मी.
पानाला साडेसातशे. टीडीएस कापून.

नवतपा होता. कूलरचे ताटे वाळून
नुसता पंखा घरघरत होता
आणि मी दुसरा भाग थांबवत, मागे नेत, परत थांबवत होते:
एक तास एक्केचाळिसाव्या मिनिटाला
झुलता पूल तुटतो,
राजा उडी मारून अलीकडे येतो, नगारे वाढतात,
आणि पलीकडे एक शिपाई पडतो.
चार सेकंद. तोंड दिसत नाही.
"ह्याच्यावर बत्तीस पानं करा," साहेब फोनवर म्हणाले होते,
"लोकांना मागची गोष्ट हवी असते."

मागची गोष्ट.
मी त्याला गाव दिलं, उसवलेला जोडा दिला,
बायकोशी अबोला दिला, दीड पानाचा.
नाव सुचेना, तर खालच्या इस्त्रीवाल्याचं घेतलं: लटारू.
वरून उत्तर आलं,
नाव महाकाव्याला शोभत नाही, जरा संस्कृत बघा.
मग लटारूचा लतारथ झाला.
असं काही संस्कृतात नसतं.
कुणी विचारलंही नाही.

श्रावणात गेम निघाला.
लटारूभाऊंचा नातू निहाल
ठेल्याखाली उकिडवा बसून खेळत होता.
"बाई, हा लतारथ एकदम बेकार आहे, मधात मधात येते.
याले पहिले पाडा लागते, तवाच पूल भेटते."
अंगठा. पडला.
अंगठा. पडला.
बत्तीस पानं मी त्याला जगवलं
ते बहुतेक एवढ्यासाठी,
की पडताना डोक्यावर नाव लिहिलेलं असावं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बडगे निघाले.
हा फाटा नकाशात नव्हता:
टांडापेठेच्या रुपराव हेडाऊंनी
बांबू, तणस आणि रद्दी जोडून
भृंगासुर उभा केला होता, बारा फूट,
गळ्यात पाटी, वाढीव वीजबिलाची.
मी विचारलं, परवानगी कुणाची?
"पिवळ्या मारबतीची," म्हणाले, आणि खर्रा गालात सरकवला.
ढोलांत कुणाचंच कुणाला ऐकू येत नव्हतं,
फक्त ते एक, घेऊन जा गे मारबत, घेऊन जा.
भृंगासुराच्या पायाशी सुतळीचा पूल होता,
पुलावर वीतभर शिपाई.
त्याला तोंड होतं.
मिशा जरा तिरक्या निघालेल्या, घाईत.
संध्याकाळी सगळं जळालं. तोही.

सोमवारी मेल:
लतारथ लोकांना आवडतोय.
चौथ्या भागाआधी त्याची वेगळी मालिका निघू शकते,
दहा भागांची.
तो मेलाच नव्हता, असं बसवता येईल का?
बुधवारपर्यंत कळवा.

मी दोन साड्या घेऊन खाली उतरले.
लटारूभाऊ निखाऱ्यांना वारा घालत होते.
सांगितलं सगळं, चोरलेल्या नावासकट.
नावाचं ते काही बोलले नाहीत.
पाणी शिंपडलं, इस्त्री फिरवली,
काठ काठाला लावला, घडी घातली,
पुन्हा मोडून घातली. मग:

"पुलाखाली पानी व्हतं का, बाई?"
होतं.
"मंग त्याले पोहता येत व्हतं. लिहा."

आणि दुसरी साडी उजेडात धरून,
"हिचा फॉल उसवला आहे.
ते पहिले पाहा."